अनंत लक्ष्मण कान्हेरे

अनंत लक्ष्मण कान्हेरे (जन्म : आयनी, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, ७ जानेवारी १८९२, मृत्यू : ठाणे, १९ एप्रिल १९१०) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील एक सशस्त्र क्रांतिकारक होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथील विजयानंद नाट्यगृहात त्यांनी नाशिकचे जिल्हाधिकारी आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग बनावटीच्या स्वयंचलित पिस्तुलातून गोळ्या झाडल्या व त्यांत जॅक्सन यांचा अंत झाला. त्या वेळी कान्हेरे यांना अठरावे वर्ष पूर्ण होण्यास सतरा दिवस कमी होते. या प्रकरणी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

ज्या पिस्तुलातून त्या गोळ्या सुटल्या ते लंडनहून गुप्तपणे आलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक होते. त्यामुळे कान्हेरे यांचे चरित्र आणि त्या पिस्तुलाचा प्रवास या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. प्रस्तुत लेखात दोहोंचाही विचार केला आहे. न्यायालयीन कागदपत्रांत या घटनेला खून म्हटले आहे, तर मराठी चरित्रग्रंथांत वध हा शब्द रूढ आहे. येथे हत्या असा शब्द वापरला आहे.

बालपण व शिक्षण

कान्हेरे यांचे घराणे कोकणातील. अनंत यांना दोन भाऊ व दोन बहिणी होत्या. थोरले बंधू गणपतराव बार्शी येथे राहत असत. इंग्रजी शिक्षणासाठी अनंत यांना औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मामांकडे पाठविण्यात आले. मधली काही वर्षे ते बार्शीला भावाकडे होते व १९०८ मध्ये पुन्हा औरंगाबादला आले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश हद्दीतील पोलिसांचा हात तेथे सहजासहजी पोहोचत नसे. नाशिक व येवल्याकडच्या गुप्त मंडळींना त्या शहराचे आकर्षण वाटण्याचे हे एक कारण असावे.

औरंगाबादेत कान्हेरे गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरात भाड्याची खोली घेऊन राहू लागले. घरमालक व भाडेकरू हे नाते लवकरच दाट मैत्रीत बदलले. या मैत्रीवर कान्हेरे यांनी 'मित्रप्रेम' नावाची कादंबरी लिहिली होती, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, शिकता शिकता कादंबरी लिहितो आणि तिचा विषय देशभक्ती नसून मैत्री असतो, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. हुतात्म्याच्या चित्रामागे जो मुलगा होता त्याची एवढीच एक खूण आपल्यापर्यंत पोहोचली आहे. त्यांच्याविषयीची बाकी बहुतेक माहिती अटकेनंतरच्या जबान्या व निकालपत्र यांतून आलेली आहे, म्हणजेच ती सरकारी चौकशीच्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांच्या स्वरूपात आहे.

गंगाराम यांचा येवल्याच्या काशीनाथ हरी टोणपे यांच्याशी परिचय होता व टोणपे यांचे नाशिकच्या गणेश (गणू) बळाजी वैद्य यांच्याशी सख्य होते. वैद्य नाशिकच्या गुप्त मंडळात होते. या साखळीतून कान्हेरे नाशिकच्या मंडळाशी जोडले गेले. त्यांच्या मनोधैर्याची परीक्षा म्हणून गंगाराम यांनी त्यांच्या हातावर तापलेला चिमटा ठेवला व पेटत्या दिव्याच्या चिमणीवर त्यांना हात धरावयास लावले आणि कान्हेरे यांनी हात हलविला नाही, अशी हकीकत सांगितली जाते.

नाशिकची पार्श्वभूमी

विनायक दामोदर सावरकर व त्यांचे सहकारी यांनी नाशिक येथे १९०० च्या आरंभी मित्रमेळा ही संघटना सुरू केली. वरकरणी गणेशोत्सव व शिवजयंती साजरी करणाऱ्या तरुणांचा हा मेळा होता. १९०४ मध्ये तिचे रूपांतर अभिनव भारत या गुप्त संस्थेत झाले. १९०६ मध्ये विनायकराव बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. नाशिकचे काम त्यांचे थोरले बंधू गणेश उपाख्य बाबाराव सावरकर पाहू लागले. याच परिसरात कृष्णाजी गोपाळ कर्वे यांनी स्वतःचे वेगळे मंडळ उभे केले. कर्वे बी. ए. झालेले व मुंबईस कायद्याचा अभ्यास करीत असलेले तरुण होते. विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक होते. नाशिकच्या या गटात शिकणारे व शिकविणारे यांचाच भरणा होता. शस्त्र चालविण्याचा अनुभव जवळजवळ कोणालाही नव्हता.

१९०८ मध्ये बाबारावांनी कवी गोविंद यांच्या कवितांची एक छोटी पुस्तिका छापली. त्या कवितांवरून बाबारावांवर राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. जिल्हाधिकारी या नात्याने जॅक्सन यांनी हा खटला सत्र न्यायालयाकडे पाठविला. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. चार कवितांसाठी जन्मठेप, हे प्रमाण नाशिकच्या तरुणांना असह्य झाले. सूड घ्यायचा तर तो कोणावर, या प्रश्नाचे उत्तर त्यांना नाशिकच्या कचेरीतच मिळाले.

जॅक्सन

जॅक्सन यांचा जन्म १८६६ चा. ते मुलकी सेवेत आले आणि संस्कृत व भारतीय प्राचीन इतिहास यांचे जाणकार म्हणून त्यांनी नाव मिळविले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे लेखन आहे. लोकरूढी व लोकसमजुती यांविषयी त्यांनी जमविलेली सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. गुजरात व कोकण या भागांच्या लोकसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यास ती आजही चाळावी लागते. नाशिकमध्ये त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. आपण मागील जन्मी वेदपाठी ब्राह्मण होतो असे ते लोकांत बोलत, असेही सांगितले जाते. मराठी नाटके पाहण्याची त्यांना आवड होती आणि तीच पुढे त्यांच्या मृत्यूस निमित्त झाली.

क्रांतिकारकांच्या दृष्टीने ही विद्वत्ता व हा गोडवा हा राज्यकारभाराचाच एक भाग होता. लोकांत मिसळणारा अधिकारी लोकांची माहिती अधिक काढतो, असा त्यांचा तर्क होता. तर्क अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. मात्र बाबारावांना शिक्षा सत्र न्यायाधीशांनी सुनावली होती, जॅक्सन यांनी नव्हे, ही वस्तुस्थितीही नोंदविली पाहिजे. नाशिकमध्ये या घटनेविषयी हळहळ व्यक्त करणारे लोक होते आणि मनातून समाधान मानणारेही होते. दोन्ही प्रकारच्या लोकांना उघड बोलण्याची सोय फारशी राहिली नाही.

वीस पिस्तुले

१८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक वा पिस्तूल बाळगणे हा गुन्हा होता आणि सामान्य भारतीयास परवाना मिळणे दुरापास्त होते. म्हणून क्रांतिकारकांपुढे दोनच वाटा होत्या. एक, बॉम्ब घरी बनविणे; दुसरी, पिस्तुले बाहेरून आणणे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी टाकलेला बॉम्ब भलत्याच गाडीवर पडून दोन युरोपीय स्त्रियांचा मृत्यू झाला होता. बॉम्बला माणूस ओळखता येत नाही, हा त्यातील धडा लपून राहिला नव्हता.

लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी स्थापन केलेल्या इंडिया हाऊसमध्ये विनायकराव राहत होते. तेथे चतुर्भुज अमीन नावाचे गृहस्थ स्वयंपाकाचे काम करीत. फेब्रुवारी १९०९ मध्ये अमीन भारतात परत निघाले तेव्हा त्यांच्या सामानातील एका पेटीला दुहेरी तळ होता व त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे दडविलेली होती. मार्च १९०९ च्या पहिल्या आठवड्यात अमीन मुंबईस उतरले. नेमक्या त्याच सुमारास नाशिकला बाबारावांना अटक झाली. अटकेपूर्वी त्यांनी एका सहकाऱ्याला पिस्तुले येणार असल्याची कल्पना देऊन ठेवली होती, असे पुढे खटल्यांत उघड झाले. पेटी सुखरूप पोहोचली व पिस्तुले निरनिराळ्या हातांत वाटली गेली. त्यांतील काही कर्वे यांच्या मंडळाकडे आली.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. पेटी लंडनहून निघाली तेव्हा बाबारावांवरील खटला उभा राहावयाचा होता, शिक्षा तर आणखी चार महिन्यांनी व्हावयाची होती. म्हणजे ही पिस्तुले जॅक्सन यांच्यासाठी म्हणून पाठविली गेली, असे जे पुष्कळदा लिहिले जाते ते कालक्रमाशी जुळत नाही. शस्त्रे आधी आली आणि त्यांचे लक्ष्य नंतर ठरले.

ही पिस्तुले कशी होती हेही समजून घेतले पाहिजे, कारण मराठी पुस्तकांत कान्हेरे यांच्या हातातील शस्त्राला कोठे रिव्हॉल्व्हर तर कोठे पिस्तूल म्हटलेले आढळते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या गोल चक्रात बसवितात, त्यामुळे ते मध्ये फुगीर असते. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने आखलेल्या व बेल्जियममधील लिएजजवळच्या हेर्स्ताल येथील कारखान्यात १९०० पासून तयार होऊ लागलेल्या पिस्तुलात काडतुसांची पेटी मुठीच्या पोकळीत सरकविलेली असते. १९०० च्या नमुन्यात तिच्यात सात काडतुसे मावत. गोळी सुटताच तिच्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी टोपी बाहेर फेकतो, पुन्हा पुढे येताना नवे काडतूस नळीत लोटतो. चाप ओढणाऱ्याला दर वेळी काही करावे लागत नाही. शस्त्र चपटे असल्याने कोटाच्या खिशात ठेवले तरी बाहेरून उंचवटा दिसत नाही. ज्यांनी पूर्वी कधी शस्त्र धरले नाही अशा विद्यार्थ्यांच्या हाती ते पडले, यात नवल नाही.

जगातही हेच घडत होते. १९०४ मध्ये हेलसिंकी येथे ओयगेन शाउमान याने रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव याला मारले ते ब्राउनिंगने. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन देशभक्ताने जपानचे इतो हिरोबुमी यांना टिपले तेही ब्राउनिंगनेच. ही घटना नाशिकच्या घटनेच्या आठ आठवडे आधीची. परस्परांना न ओळखणाऱ्या, परस्परांची भाषाही न जाणणाऱ्या या तरुणांच्या हातांत एकाच कारखान्याची वस्तू होती.

कट

बाबारावांच्या शिक्षेनंतर जॅक्सन यांना मारण्याची तयारी कान्हेरे यांनी दर्शविली. वैद्य यांच्यामार्फत ही गोष्ट कर्वे यांच्या मंडळापर्यंत गेली. कान्हेरे नाशिकला आले, जॅक्सन यांना नीट ओळखता यावे म्हणून कचेरीत जाऊन त्यांना पाहून आले आणि पिस्तूल चालविण्याचा सराव केला. आपण परत येणार नाही हे ओळखून घरच्यांना आठवण राहावी म्हणून त्यांनी आपले छायाचित्र काढवून घेतल्याचीही नोंद आहे.

१ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना मारले व १७ ऑगस्टला धिंग्रा फाशी गेले. या बातमीने नाशिकच्या मंडळास चालना मिळाली असणार. तरीही काही महिने कट रेंगाळला. जॅक्सन यांना बढती मिळून त्यांची मुंबईस बदली झाली, तेव्हा हाती थोडेच दिवस उरले. जॅक्सन यांच्या निरोपासाठी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठरला. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या चालीवर लिहिलेले. बालगंधर्व त्या काळी याच मंडळीत होते.

बेत असा होता की पहिल्यांदा कान्हेरे यांनी गोळ्या झाडाव्यात, ते चुकले तर कर्वे यांनी आणि तेही चुकले तर देशपांडे यांनी. तिघेही शस्त्रे घेऊन नाट्यगृहात गेले.

२१ डिसेंबर १९०९

त्या दिवशी मंगळवार होता. प्रयोगासाठी जॅक्सन आत आले तेव्हा प्रवेशाच्या वाटेजवळ बसलेले कान्हेरे उठले व त्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. पहिली गोळी नेम चुकून बाजूने गेली व नंतरच्या चार गोळ्या जॅक्सन यांना लागल्या, असे वर्णन मिळते. जॅक्सन जागीच कोसळले. कर्वे व देशपांडे यांच्यावर शस्त्र उपसण्याची वेळच आली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या काही भारतीय अधिकाऱ्यांनी कान्हेरे यांच्यावर झडप घालून त्यांना धरले. स्वतःवर गोळी झाडून घेण्याचा त्यांचा विचार तडीस गेला नाही. पिस्तूल त्यांच्याजवळच सापडले.

नाशिकमध्ये अधिकाऱ्याला मारण्याची ही पहिलीच वेळ असली, तरी महाराष्ट्रात अशी घटना आधी घडली होती. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. चापेकर अंधारात निसटले व महिनोन्महिने सापडले नाहीत. कान्हेरे भरल्या नाट्यगृहात दिव्यांच्या उजेडात उभे होते. सुटण्याची योजनाच त्यांच्या बेतात नव्हती, आणि ही बाब गुप्त संस्थेच्या दृष्टीने फार महागात पडली. निसटलेल्या माणसाबरोबर त्याचे शस्त्रही नाहीसे होते. येथे माणूस आणि पिस्तूल दोन्ही त्याच रात्री पोलिसांच्या ताब्यात गेली.

खटला व फाशी

कान्हेरे यांच्या अटकेनंतर काही दिवसांतच मंडळातील इतर माणसे पकडली गेली. सात आरोपींवर मुंबई उच्च न्यायालयात खास न्यायपीठापुढे खटला चालला. मार्च १९१० च्या अखेरीस निकाल लागला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फाशीची शिक्षा झाली. शंकर रामचंद्र सोमण, वामन नारायण जोशी व गणेश बळाजी वैद्य यांना जन्मठेप काळ्या पाण्याची आणि दत्तात्रेय पांडुरंग जोशी यांना दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

गोळ्या एकाने झाडल्या असता तिघांना फाशी का, असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून हटकून विचारला जातो. कट सिद्ध झाला की कटातील प्रत्येकजण मूळ गुन्ह्यास जबाबदार धरला जातो, या कायद्याच्या तत्त्वावर कर्वे व देशपांडे यांना ही शिक्षा झाली. ते शस्त्रांसह प्रत्यक्ष नाट्यगृहात हजर होते, ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध गेली.

१९ एप्रिल १९१० रोजी सकाळी ठाण्याच्या किल्ल्यातील तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आली. तो दिवसही मंगळवारच होता. जॅक्सन यांच्या हत्येपासून फाशीपर्यंतचा सारा व्यवहार, तपास, खटला, निकाल व अंमलबजावणी मिळून, बरोबर सतरा आठवड्यांत उरकला गेला. शवे नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आली नाहीत. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षे तीन महिन्यांचे होते. खुदिराम बोस यांनाही १९०८ मध्ये याच वयात फाशी झाली होती.

पिस्तुलाचा माग

ठाण्यातील फाशीने प्रकरण मिटले नाही. कान्हेरे यांच्याजवळचे पिस्तूल परदेशी होते, नवे होते आणि त्याच जातीची आणखी पिस्तुले नंतरच्या झडत्यांत सापडत गेली. देशी लोहाराने बनविलेल्या शस्त्राला जन्मदाखला नसतो. कारखान्यातून निघालेल्या शस्त्राला असतो. एकसारखी पिस्तुले निरनिराळ्या गावांत निघाली, तेव्हा ती एकाच वाटेने आली असली पाहिजेत हे तपासणाऱ्यांच्या लक्षात आले. चतुर्भुज अमीन माफीचे साक्षीदार झाले आणि दुहेरी तळाच्या पेटीची हकीकत न्यायालयासमोर आली. जे शस्त्र खिशात दिसत नाही म्हणून निवडले होते त्यानेच लंडनपर्यंतची वाट दाखविली.

विनायकराव सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली, म्हणजे कान्हेरे यांच्या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच. भारतात आणताना ८ जुलै रोजी मार्सेय बंदरात त्यांनी मोरिया या बोटीतून समुद्रात उडी घेतली व ते किनाऱ्यावर पकडले गेले. या प्रसंगावरून फ्रान्स व ब्रिटन यांच्यात वाद होऊन तो हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने ब्रिटनच्या बाजूने निर्णय दिला. दरम्यान मुंबईत नाशिक कट खटला चालला. त्यात ३८ आरोपी होते. २४ डिसेंबर १९१० रोजी २७ जणांना निरनिराळ्या शिक्षा झाल्या. विनायकराव यांना जन्मठेप झाली. त्यानंतर जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याचा दुसरा खटला होऊन ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप सुनावण्यात आली. दोन्ही मिळून पन्नास वर्षे. या दुसऱ्या शिक्षेमागे मुख्य आधार होता तो त्या वीस पिस्तुलांचा. पेटी निघाली तेव्हा जॅक्सन यांच्या हत्येचा विचारही झालेला नव्हता हा वर दिलेला कालक्रम ध्यानात घेतला, तर साहाय्य या शब्दाचा अर्थ न्यायालयाने किती रुंद धरला हे लक्षात येते.

नाशिकपुरता परिणाम असा झाला की अभिनव भारतचे शहरातील जाळे मोडले. कित्येक कुटुंबे चौकशीच्या फेऱ्यात सापडली. ज्या घरांत नुसती पुस्तिका सापडली त्यांनाही त्रास झाला.

ब्राउनिंगचा पुढील प्रवास

गुप्त काम करणाऱ्यांच्या हातातील पिस्तूल ही गोष्ट पुढे क्रांतिकारकांपेक्षा हेरांच्या नावाने अधिक ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात उतरविल्या जाणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकन हस्तकांना खिशात मावणारे कोल्ट पिस्तूल दिले जाई. तेही ब्राउनिंग यांनीच आखलेले होते. त्याच युद्धात इंग्लंडमधील वेलविन येथे वेलरॉड नावाचे जवळजवळ आवाज न करणारे पिस्तूल बनविण्यात आले. त्याच्या एका प्रकारात १९०० च्या ब्राउनिंगचेच ७.६५ मिलिमीटरचे काडतूस वापरीत.

इयान फ्लेमिंग यांचा जेम्स बाँड हा काल्पनिक हेर १९५३ च्या पहिल्या कादंबरीत लहानसे बेरेटा पिस्तूल बाळगतो. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या वाचकाने फ्लेमिंग यांना पत्र लिहून हे शस्त्र अशा माणसाला शोभत नाही असे कळविले. फ्लेमिंग यांनी सूचना मानली. १९५८ च्या 'डॉक्टर नो' या कादंबरीत बाँडला वाल्थर पीपीके हे जर्मन पिस्तूल मिळाले आणि ते देणाऱ्या शस्त्रागार अधिकाऱ्याचे नाव लेखकाने बूथरॉइड असेच ठेवले. गंमत अशी की त्या वाल्थरमध्ये भरावयाचे ७.६५ मिलिमीटरचे काडतूसही मुळात ब्राउनिंग यांच्या १९०० च्या पिस्तुलासाठी तयार झालेले होते. मराठीत बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांनी धनंजय, झुंजार व काळापहाड यांना घराघरांत नेले. त्या कथांवर वाढलेल्या पिढ्यांना पिस्तूल म्हणजे नायकाच्या खिशातील एक हुकमी वस्तू वाटली. कथेतील नायक गोळी झाडतो व पुढच्या प्रकरणात दुसऱ्या शहरी असतो. विजयानंदमधील मुलाला पुढचे प्रकरण नव्हते.

स्मृती

नाशिक येथील गोल्फ क्लब मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे नाव देण्यात आले असून तेथे महाराष्ट्र संघाचे रणजी करंडक सामने खेळविले गेले आहेत. शहरातील मुलांना कान्हेरे हे नाव प्रथम माहीत होते ते बहुधा क्रिकेटमुळे. २०१४ मध्ये '१९०९' या नावाचा मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर प्रदर्शित झाला. ठाणे तुरुंगात तिघा हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. जॅक्सन यांच्या लोकसंस्कृतीविषयक टिपणांचे खंड ग्रंथालयांतून उपलब्ध आहेत. कान्हेरे यांच्या 'मित्रप्रेम' कादंबरीचा मात्र चरित्रांत केवळ उल्लेख येतो.